नकाशावरचे कुरण

सकाळी सव्वासहाला जनरलसाहेबांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, हे लेबरेख्त ड्राहाइमचे दिवसातले पहिले काम. थेंबांची बाटली दाढीच्या पेटीत, साबणाच्या वाटीखाली, फडक्यात गुंडाळलेली असे. दार आतून लावायचे, साहेबांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकवायची, उजव्या डोळ्यात दोन थेंब, डाव्यात दोन. मग बाटली पुन्हा फडक्यात, फडके वाटीखाली, आणि दार उघडायचे. एकदा दार उघडले की जनरल एगोन फॉन श्टोर्बेक एका राखीव डिव्हिजनचे, म्हणजे पंधरा हजार माणसांचे, मालक होते आणि त्यांची नजर ससाण्यासारखी होती. निदान सगळे तसे म्हणत.

ती नजर काचबिंदूने खाल्ली आहे, हे त्या पंधरा हजारांत एकट्या ड्राहाइमला ठाऊक होते, असे त्याला वाटत होते.

१९१५ सालचा जानेवारी चालू होता. मुक्काम पोलंडात, एका साखर कारखान्याच्या मॅनेजरच्या घरात. मॅनेजर रशियनांबरोबर पळाला होता, कारखाना बंद होता, आणि अंगणातले बिटांचे ढीग बर्फाखाली कुजत होते. त्याचा आंबूस वास घरभर भरलेला असे. ड्राहाइमला त्या वासाने काही वाटत नसे. धनगराच्या घरात जन्मलेला माणूस. पोमेरानियातले रेडनित्झ हे त्याचे गाव. विसाव्या वर्षी सक्तीच्या नोकरीवर पलटणीत गेला, तेव्हा श्टोर्बेक कॅप्टन होते. त्यांनी त्याला अर्दली म्हणून घेतले आणि परत सोडलेच नाही. बूट, घोडा, नकाशांची पिशवी, सगळे त्याच्याकडे. साहेब मेजर झाले, कर्नल झाले, जनरल झाले. ड्राहाइम अर्दलीच राहिला. त्याचे लग्न झाले, मुलगा झाला, तरी बायको माल्विना म्हणायची, "तुमचं पहिलं लग्न झालेलंच होतं, मी दुसरेपणावर आले."

साहेबांच्या आयुष्यात एक सल होता, आणि तो ड्राहाइमला तोंडपाठ होता. अठराशे सत्तरच्या लढाईत श्टोर्बेक अठरा वर्षांचे होते. फ्रान्सच्या कुठल्याशा स्टेशनवर ते गाडीतून उतरले, त्याच दिवशी तहाची घंटा वाजली. त्यानंतर एकोणचाळीस वर्षे कवायती, संचलने, लुटुपुटीच्या लढाया. १९०९ साली त्यांना मानाने घरी बसवले. पुढे १९१४ च्या एप्रिलमध्ये श्टेटिनच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितले, बाजूचे दिसणे गेले आहे, समोरचे हळूहळू जाईल, रंग त्याआधी जातील. आणि ऑगस्टमध्ये लढाई आली. चव्वेचाळीस वर्षे जिची वाट पाहिली ती! तिसऱ्या दिवशी साहेबांनी मंत्रालयाला अर्ज लिहिला.

"अर्जात डोळ्यांचा रकाना होता का, हुजूर?" ड्राहाइमने विचारले होते.

"होता."

"मग?"

"उत्तम, असं लिहिलं. अक्षर बरं आलंय का, ते तू बघ."

अक्षर बरे आले होते. साहेबांना डिव्हिजन मिळाली. सप्टेंबरात पूर्व प्रशियात त्यांच्या माणसांनी रेल्वेचा भराव दोन दिवस धरून ठेवला. शौर्याचा क्रॉस मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला. तिथूनच त्यांची ती ख्याती सुरू झाली, की हा म्हातारा नकाशाकडे न बघता लढाई सांगतो.

त्यामागची गोष्ट अशी. रोज सात वाजता, अधिकारी येण्याआधी, ड्राहाइम नकाशा पसरी. पंचवीस वर्षे नकाशांची पिशवी वाहून त्याला नकाशा वाचता येऊ लागला होता. साहेबांचे बोट धरून तो ते कागदावर टेकवी. "इथं चर्च, हुजूर. दोन बोटं उजवीकडं पवनचक्की. तिच्याखाली ओढा, तो असा जातो." साहेब एकदा ऐकत, दोनदा म्हणून दाखवत, आणि सारे डोक्यात बसे. स्मरणशक्ती मात्र खरोखरीच ससाण्याच्या नजरेसारखी होती. आपली फौज निळ्या पेन्सिलीने काढायची, शत्रूची लाल पेन्सिलीने. निळीला ड्राहाइमने चाकूने बारीक खाच पाडून ठेवली होती, म्हणजे बोटाला कळावे. आठ वाजता साहेबांचा मुख्य मदतनीस मेजर टेसेनो आणि बाकीचे अधिकारी येत. ड्राहाइम कॉफीचा ट्रे घेऊन दाराशी उभा राही. अर्दलीला कान नसतात आणि तोंडही नसते, असा नियमच होता.

यात एक गोष्ट अशी होती की तिने त्याची झोप उडवली होती. डिव्हिजनमधल्या पलटणी जिल्ह्याजिल्ह्यांतून उभ्या केलेल्या. रेडनित्झ आणि आसपासच्या चार गावांची माणसे एकाच बटालियनमध्ये, तिसऱ्या. तीत त्याचा मुलगा एवाल्ड होता, पंचवीस वर्षांचा. ड्राहाइमचा स्वतःचा धाकटा भाऊ आल्बिन होता. चर्चमधला ऑर्गन वाजवणारा होता, गिरणीवाल्याचे दोन्ही मुलगे होते. रोज सकाळी सात वाजता त्यांच्या जागेवर साहेबांचे बोट टेकवायचे काम ड्राहाइमचे. बोट एका इंचाने चुकू नये म्हणून तो प्रत्येक जागा दोनदा मोजून घेई.

आणि घरातल्या घरात संशयाला तोंड फुटू लागले होते. एकदा स्वयंपाकघरात आचारी फीटे, जन्मभर जहाजांवर पळी हलवून आलेला आडदांड माणूस, सगळ्यांदेखत म्हणाला, "काय ड्राहाइमबुवा, काल तुमच्या म्हाताऱ्यानं माझी अब्रू घेतली की!"

"का, काय झालं?"

"बिटाचं सूप केलं होतं. रक्तासारखं लाल. आणि वरून निरोप काय, तर आज गाजराचं सूप छान झालंय! माझ्या बिटाला आजवर कुणी गाजर म्हटलं नव्हतं हो."

"हुजुरांना सर्दी झालीय. चव लागत नाही."

"चव नाही लागत, मान्य. पण रंगसुद्धा नाकानंच बघतात काय?"

सगळे खो खो हसले. ड्राहाइमही हसला, पण जरा उशिरा. त्या दिवसापासून ताट वर नेण्याआधी तो प्रत्येक वाटीचे झाकण उघडून बघू लागला आणि साहेबांच्या कानात सांगू लागला, डावीकडे बटाटे, उजवीकडे कोबी.

एकोणीस तारखेला, मंगळवारी, नवीन नकाशे आले. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर रशियन होते. बुधवारी पहाटे ती टेकडी घ्यायची, असा वरचा हुकूम होता. नेहमीचे रंगीत नकाशे संपले होते, म्हणून घाईघाईने काळ्या शाईत छापलेली प्रत आली. रंगीत नकाशावर कुरण हिरवे असते आणि दलदलीवर निळ्या रेघा असतात. इथे सगळ्याच रेघा काळ्या. ओढ्याच्या अलीकडे, बांधावरच्या रस्त्याच्या डाव्या हाताला, आडव्या बारीक रेघांचा एक मोठा पट्टा होता. ड्राहाइमने तो दिव्याजवळ धरून पाहिला.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"कुरण, हुजूर. ओढ्यापर्यंत सपाट कुरण."

साहेबांनी ते दोनदा म्हणून दाखवले. आठ वाजता अधिकारी जमले. साहेबांनी खाच असलेली पेन्सिल उचलली आणि एक जाड निळा बाण काढला. "रस्ता बांधावरून जातो, तिथं त्यांची मशीनगन असणारच. तिसरी बटालियन कुरणातून जाईल. सहाशे मीटर सपाट जमीन, अंधारातच पार होईल." तरुण अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले. म्हाताऱ्याने नकाशाकडे एकदासुद्धा वाकून पाहिले नव्हते. मेजर टेसेनोने होकाराची मान डोलावली. लेखी हुकूम दुपारी दोन वाजता पलटणींकडे जायचा होता.

साडेदहा वाजता ड्राहाइम रिकामे पेले घेऊन स्वयंपाकघरात उतरला. फीटे कुणाला तरी शिव्या घालत होता.

"गवत आणायला पाठवलं, तर घोडा घालवून आले! चांगला घोडा! परवा गोळी घातली त्याला, आणि मला आज सांगताहेत."

"पाय मोडला?" ड्राहाइमने विचारले.

"पाय कसला मोडतोय! पोटापर्यंत रुतला. तो ओढ्याकडचा बांध आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला. वर बर्फ बघून हे शहाणे आडवाटेनं निघाले. खाली सगळी दलदल. वरून साखर, आतून लापशी!"

ड्राहाइमने पेले खाली ठेवले. एक कलंडला, तो त्याने परत उभा केला. मग तो जिना चढून वर गेला. अकरा वाजता साहेब एकटे असत. ते खिडकीशी उभे होते. बाहेर पाहत होते म्हणावे, तर बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हते.

"हुजूर, सकाळी मी चुकीचं सांगितलं."

"काय?"

"ते कुरण. ते कुरण नाही, दलदल आहे. परवा तिथं घोडा पोटापर्यंत गेला. गोळी घालावी लागली."

साहेब वळले नाहीत. "परवा गेला. आज थंडी किती आहे?"

"उणे नऊ."

"मग गोठलं असेल."

"वर साय धरलीय, हुजूर. खाली तसंच आहे. मी धनगराचा पोर. असल्या जागी आम्ही मेंढ्या घालत नाही."

"टेसेनोला मी काय सांगू? सकाळी मी पाहिलं तेव्हा कुरण होतं, अकरा वाजता दलदल झाली? कुणी सांगितलं म्हणू?"

"माझी चूक झाली म्हणा."

"नकाशा तू वाचतोस, हे आधी कबूल केलं तर ती तुझी चूक." साहेबांनी खिडकीच्या काचेवर तळहात टेकवला. "चव्वेचाळीस वर्षं, ड्राहाइम. आणि पाच महिने. फक्त पाच महिने मी खरा जनरल आहे."

"तिसऱ्या बटालियनमध्ये एवाल्ड आहे, हुजूर. आल्बिन आहे."

"माहीत आहे मला. थंडी वाढेल. जा तू."

तो बाहेर आला आणि जिन्यावर उभा राहिला. खाली हॉलमधल्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. घड्याळाच्या उजवीकडचे दार मेजरच्या खोलीचे. एकोणतीस वर्षांत त्याने साहेबांची एकही गोष्ट बाहेर नेली नव्हती, माल्विनाकडेसुद्धा नाही. आता ते दार उघडले तर साहेब संपले. आणि नाही उघडले तर उद्या पहाटे एवाल्ड अंधारात त्या पट्ट्यावर पाय ठेवणार. त्याने एवाल्डला शेवटचे पाहिले ते भुकेल्या चेहऱ्याने कोबीचा डबा चाटताना, डिसेंबरमध्ये. जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या अंगणात हुकूम नेणारा निरोप्या घोड्यावर खोगीर कसत होता. अजून दोन वाजायला वेळ होता, तरी कसत होता. ड्राहाइम खाली उतरला आणि त्याने मेजरचे दार वाजवले.

मेजर टेसेनो लिहीत होता. कोपऱ्यात कारकून टाइप करत होता.

"काय आहे? हुजुरांचा निरोप?"

"नाही, मेजरसाहेब. माझा आहे."

टाइपरायटर थांबला. ड्राहाइमने दलदलीचे सांगितले, घोड्याचे सांगितले.

"हुजुरांनी स्वतः कुरण म्हटलंय," मेजर म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून म्हटलं. रोज मीच सांगतो." त्याने टाचा जुळवल्या. "हुजुरांना दिसत नाही. ऑगस्टपासून."

मेजरने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि क्षणभर डोळे मिटले. "गाढवा," तो हळू आवाजात म्हणाला, "मला ऑक्टोबरपासून ठाऊक आहे."

ड्राहाइमने मागचे दार घट्ट लावून घेतले.

"हुकूम मी लिहितो, सही ते करतात. सैनिकांना म्हातारा आवडतो. चाललं होतं की नाही? मला ठाऊक होतं तोवर मी गप्प बसू शकत होतो. आता तू तोंडावर सांगितलंस, आणि यानं ऐकलं." त्याने कारकुनाकडे बोट केले. "आता मला वर कळवणं भाग आहे."

"आणि दलदल?"

"दलदल मला ठाऊक नव्हती!" मेजर एकदम ओरडला. "इतक्या खात्रीनं कुरण म्हणाले, मला वाटलं कुणाला तरी पाठवून बघून घेतलंय!" त्याने नकाशा पुढे ओढला. बांधावरच्या रस्त्यावरून त्याने बोट फिरवले. "म्हणजे बांध. दुसरं काही उरत नाही."

"बांधावर मशीनगन आहे म्हणाले होते, मेजरसाहेब."

"आहेच. तुझ्याकडं तिसरी वाट आहे?"

मेजरने कारकुनाला नवा कागद लावायला सांगितला.

बुधवारी पहाटे उणे सतरा होते. ड्राहाइमने थर्मामीटर दोनदा पाहिला. सात वाजता तोफा सुरू झाल्या, नऊला टेकडी घेतल्याची बातमी आली. तिसऱ्या बटालियनची मयतांची यादी मात्र आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी तार आली ती दुसरीच: जनरल फॉन श्टोर्बेक यांना प्रकृतीच्या कारणास्तव कार्यमुक्त करण्यात येत आहे; सम्राट त्यांच्या सेवेबद्दल आभारी आहेत.

शनिवारी सकाळी सव्वासहाला ड्राहाइमने दार लावून घेतले नाही. आता गरज नव्हती. साहेबांनी मान मागे टेकवली.

"टेसेनोला कुणी सांगितलं?"

"मी."

"पुढच्या वेळी आधी मला सांगायचं."

"सांगितलं होतं, हुजूर."

थेंब पडले. साहेबांनी डोळे मिटून घेतले, पाणी गालावर ओघळले, ते ड्राहाइमने पुसले. "बुधवारी उणे सतरा होतं," साहेब म्हणाले. "बर्फानं पेललं असतं." ड्राहाइमने बाटलीचे बूच लावले. बाहेर बर्फावरची घसरगाडी उभी होती. सामान चढवून झाल्यावर साहेबांनी बाटली मागून घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. "तू इथंच राहा," ते म्हणाले. एवढेच. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे ड्राहाइमला पुढे कितीतरी वर्षे वाटत राहिले.

त्याने तिसऱ्या बटालियनमध्ये बदली मागितली. नोंदणी करणारा हवालदार म्हणाला, "वय काय, आजोबा? एकोणपन्नास? पोराच्या मागं मागं निघालात काय?"

"पोरगा आहे का, तेच बघायला निघालोय," ड्राहाइम म्हणाला. हवालदाराने कागदावर शिक्का मारला.

रेशनच्या गाडीमागून चालत तो ओढ्यापाशी पोहोचला. बांधावर दोन ठिकाणी बर्फ काळपट लाल होते. डाव्या हाताला तो पट्टा होता, पांढरा, सपाट, निष्पाप. तो गाडी सोडून खाली उतरला आणि काठी टेकत त्यावर चालू लागला. दहा पावले गेला. वीस. खाली बारीक करकर झाली, पण बर्फाने त्याला पेलले. एका माणसाला पेलणे आणि ओझ्यासकट सहाशे जणांना पेलणे यांत फरक आहे, हे त्याला कळत होते. पुढे आणखी चालावे की परत फिरावे, हे मात्र कळेना. वरून गाडीवाला ओरडला, "ए म्हाताऱ्या, जीव नकोसा झालाय काय?" तेव्हा तो परत फिरला.

एवाल्ड टेकडीमागच्या खंदकात बूट काढून पाय चोळत बसला होता. दोन बोटे काळी पडली होती. "बाबा? तुम्ही इथं कसे?" म्हणाला, आणि मग लगेच, वडिलांनी विचारायच्या आत, "काका पुढच्या तुकडीत होते. बांधावर निम्म्यातच..." ड्राहाइम त्याच्याशेजारी बसला आणि मुलाचा पाय आपल्या कोटात घेतला. रेडनित्झचे अकरा जण गेले होते. ऑर्गन वाजवणारा, गिरणीवाल्याचा थोरला, आल्बिन.

जनरल फॉन श्टोर्बेक १९१७ साली घरी वारले. नकाशा तोंडपाठ असलेला सेनापती, असे वर्तमानपत्राने लिहिले. ड्राहाइम तेव्हा पश्चिमेच्या आघाडीवर खेचरे हाकत होता. लढाई संपल्यावर तो गावी आला, मेंढ्या घेतल्या, आणि माणसांत फारसा मिसळेनासा झाला. हिवाळ्यात पहाटे उठून थर्मामीटर बघायची त्याला सवय लागली. माल्विना विचारी, "किती?" तो आकडा सांगे.

१९२२ च्या नोव्हेंबरात गावाने चर्चसमोर दगड बसवला. चौतीस नावे. त्यांतल्या अकरांपुढे एकच तारीख होती. पाद्रीबाबांचे भाषण झाले, माणसे पांगली, आणि ड्राहाइम आल्बिनच्या घरी गेला. आल्बिनची विधवा लीडिया स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. संध्याकाळी तिच्याकडे सगळ्या विधवांचे जेवण होते.

"भाऊजी," मान वर न करता ती म्हणाली, "तुम्ही तिथं वरच्यांच्यात होतात. एकाच दिवशी अकरा. बांधावरनं जा, असं कुणी सांगितलं?"

सात वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. एकदा तोंड उघडून काय झाले ते त्याला माहीत होते. तरी त्याने सगळे सांगितले. थेंब, नकाशा, कुरण, घोडा, मेजरचे दार. काहीच वगळले नाही. उणे सतराही नाही.

लीडियाची सुरी चालूच होती. "मग त्या दलदलीनं पेललं असतं का?"

"माहीत नाही. मी वीस पावलं गेलो होतो."

"एवाल्ड कुठल्या तुकडीत होता?"

"शेवटच्या."

सुरी थांबली. "कोण पुढं, कोण मागं, ते तुम्ही सांगितलंत?"

"नाही. ते बटालियनमध्ये ठरलं. मला तर माहीतही नव्हतं."

"खरं?"

"खरं."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्याने नजर वळवली नाही. मग तिने फडताळातून दुसरी सुरी काढली, त्याच्यापुढे ठेवली आणि पाटीतले निम्मे बटाटे त्याच्या बाजूला लोटले.

"साली पातळ काढा," ती म्हणाली. "सहाला बायका येतील. त्यांनाही हे सांगायचंय तुम्हाला."

ड्राहाइमने सुरी उचलली.